दोघांमधली रेषा

“तू ऋता नाहीस,” प्रमिलामावशी म्हणाल्या आणि ऋतासाठी ओतलेला चहाचा कप त्यांनी बशीसकट आपल्याकडे ओढून घेतला.

डॉक्टर ऋता मगदूमचा पुढे आलेला हात तसाच राहिला. ती हसली. “मग कोण आहे मी?”

“ते मला काय ठाऊक? दिसतेस तिच्यासारखीच. ओढणीही तिचीच आहे. पण ऋता बोलताना थांबते. तू...”

“मीही थांबते की. द्या तो कप, गार होईल.”

“बघ,” मावशी म्हणाल्या. “माझं संपलं नव्हतं.”

ऋतानं हे मनावर घेतलं नाही. तिच्या जागी कुणीही घेतलं नसतं. प्रमिला हेरवाडेंच्या आजाराची सुरुवातच या वाक्यानं झाली होती. वीस वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या भावाला दारातच अडवलं होतं, तू भरत नाहीस म्हणून. नंतर आईची पाळी आली, आणि एकदा तर दूधवाल्याची. आपल्या माणसाच्या जागी कुणी हुबेहूब तोतया आणून ठेवलाय ही समजूत स्किझोफ्रेनियाच्या काही रुग्णांमध्ये दिसते. मावशींची समजूत औषधानं गेली कित्येक वर्षं निजून होती. ती आता जागी झाली, इतकंच ऋतानं ओळखलं. आजारी माणूस काय सांगतो याच्यापेक्षा त्याचं सांगणं कशाचं लक्षण आहे हे बघायची तिला सवय होती. चांगल्या डॉक्टरला ती असावीच लागते.

शिवाय मावशींच्या गळ्यातला लयमणीही तेच सांगत होता.

लयमणी म्हणजे करवंदाएवढा काळा मणी. सांगलीच्या ‘सोबत’ केंद्रात तो येऊन वर्ष होत आलं होतं. ‘सोबत’ची माणसं रुग्णांना दवाखान्यात बोलवत नसत, आपणच त्यांच्या घरी जात. चहा घेत, गप्पा मारत, गोळ्या संपल्यात का बघत. आजार उलटण्याची चाहूल त्या गप्पांतच लागायची, पण कधी लागायची, कधी नाही. मणी आला तो ही चाहूल मोजण्यासाठी. ज्यांना हवा त्यांनीच घालायचा, नको वाटला की काढून ठेवायचा. मावशींनी तो मंगळसूत्रासारखा मिरवला होता. “लग्न न करता गळ्यात काळा मणी पडला बघ,” असं त्या शेजारणीला म्हणाल्या होत्या.

मणी बनवणारा तौफिक मुजावर मिरजेचा. केंद्रातल्या पहिल्या बैठकीत तो आणि केंद्राच्या प्रमुख डॉक्टर वासंती देशिंगकर यांच्यात झालेलं बोलणं ऋताला आठवत होतं.

“तुमचं वाक्य संपलं आणि मी बोलायला लागलो,” तौफिक म्हणाला होता. “मधे किती वेळ गेला?”

“काहीच नाही.”

“सेकंदाचा पाचवा हिस्सा, मॅडम. आणि साधा एक शब्द उच्चारायची जुळवाजुळव करायला मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. मग मी वेळेत बोललो कसा?”

देशिंगकर मॅडमनी क्षणभर विचार केला. “म्हणजे माझं वाक्य कुठं संपणार याचा अंदाज तू आधीच बांधला होतास.”

“सगळेच बांधतात. आपण ऐकता ऐकता समोरच्याच्या पुढं चार पावलं चालत असतो. दोन माणसांची अशी एक लय बसते. आजार उलटायच्या आधी हा अंदाज चुकायला लागतो. भास, संशय, जागरण हे सगळं नंतर येतं. मणी शब्द साठवतच नाही. कोण कधी थांबलं, कोण कधी सुरू झालं, एवढंच टिपतो आणि त्यावरून एक रेषा काढतो. ताळरेषा म्हणू या. ताळ चांगला असेल तर रेषा सरळ. सुटायला लागला की उतरती.”

“पण ताळ दोघांचा असतो,” मॅडम म्हणाल्या. “सुटला तर कुणाच्या बाजूनं सुटला हे कसं कळणार?”

“एक टोक पक्कं धरायचं. आयर्विन पुलाच्या खांबावर फूट लिहिलेत ना? खांब जागचा हलत नाही, म्हणून कृष्णेचं पाणी मोजता येतं. इथं खांब म्हणजे तुम्ही डॉक्टर लोक. हलेल ते टोक रुग्णाचं.”

यात कुणाला काही खटकलं नाही. मॅडमनाही नाही, ऋतालाही नाही.

ताळरेषा उतरली की काय करायचं, हेही त्याच बैठकीत ठरलं. ज्याची त्या रुग्णाशी जुनी ओळख आहे, त्यानंच त्याच्याकडे जास्त वेळा जायचं. नियम शहाणपणाचा होता. वर्षभरात दोघा-तिघांचा आजार त्या नियमामुळे उंबऱ्यावरूनच परत गेला होता.

आता मात्र ऋताच्या रुग्णांच्या रेषा एकामागून एक उतरत होत्या. आधी मावशींची. मग एसटीतून निवृत्त झालेल्या शिवलिंग चौगुलेंची. त्यानंतर आणखी पाच जणांची. नियमाप्रमाणे ऋता सगळ्यांकडे जास्त वेळा जाऊ लागली. सकाळी गावभाग, दुपारी विश्रामबाग, संध्याकाळी पुन्हा गावभाग. चौगुलेंच्या गोळ्या तिनं वाढवल्या, आणखी एकांच्याही वाढवल्या. रेषा वर यायचं नाव घेत नव्हत्या.

आणि गंमत म्हणजे, तिला थकवा नव्हता. तिची मुलगी ईरा आठ महिन्यांची. पहिले काही महिने ऋता घाबरून गेलेली असायची. पाळण्याशी जाऊन ईराच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास लागला की परत पडायची आणि पुन्हा उठायची. ती भीती अलीकडे पार गेली होती. त्या जागी एक लख्ख हुशारी आली होती. घर झोपलेलं असताना ती ईराचे कपडे मापाप्रमाणे लावायची, केंद्रासाठी नव्या योजना आखायची, पहाटे अंघोळ करून तयार. आई तिच्याकडे मदतीला राहायला आली होती. तिनं दोनदा विचारलं, “ऋते, तू झोपतेस कधी गं?”

“पुरते मला झोप.”

“काल मी सांगत होते तर तू मधेच उठून गेलीस.”

“आई, तू एक वाक्य किती लांबवतेस.”

 लेक नोकरी करते, बाळ सांभाळते, तिला कशाला आणखी बोलायचं, असं आईनं स्वतःला समजावलं.

मावशींची रेषा सगळ्यांत खाली गेली त्या दिवशी ऋतानं त्यांच्या भावाला, भरत हेरवाडेंना फोन केला. मावशी गावभागातल्या त्या एका खोलीत एकट्या राहत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कुलूपकिल्लीनं. भावाची अट एकच होती. पुन्हा दवाखान्यात भरती करायची वेळ आली, तर खोली सोडायची आणि कर्नाटकातल्या आश्रमात जायचं, कायमचं. वाईट माणूस नव्हता तो. दमलेला होता.

“शुक्रवारी भरती करावं लागेल,” ऋता म्हणाली.

“मग मी टेंपो सांगून ठेवतो,” भरत म्हणाले. जरा थांबून त्यांनी विचारलं, “बरी होती हो ती. दिवाळीला करंज्या केल्या होत्या तिनं. खरंच...”

“मला कळतंय, पण रेषा तसं सांगत नाही,” ऋता म्हणाली.

मावशींना तिनं स्वतः जाऊन सांगितलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. कडीला लावलेली किल्ली काढली, पदरानं पुसली आणि पुन्हा कडीलाच लावली.

“शुक्रवारी ना? मग चालेल. गुरुवारी कॅरम आहे. चौगुल्याची राणी काढायचीय मला.” मग ऋताकडे निरखून बघत म्हणाल्या, “खरी ऋता आली की तिला सांग, मी विचारलं होतं म्हणून. तिचं बाळ लहान आहे.”

गुरुवारी दुपारी केंद्राच्या मागच्या खोलीत कॅरम रंगला होता. ऋता दारात उभी होती. तिला खरं तर तीन ठिकाणी जायचं होतं, पण मावशींचा हा शेवटचा डाव, म्हणून ती थांबली.

“चौगुले, स्ट्रायकर पुसताय का तिकीट फाडताय?” मावशींनी विचारलं.

“तुम्ही सुट्टे काढून ठेवा, बाई. पुढच्या थांब्यावर उतरायचंय तुम्हाला.”

“उतरवणारे खूप आले नि...”

“नि काय?”

“नि त्यांच्याच गाड्या डेपोत लागल्या.” स्ट्रायकर सुटला, राणी भोकात गेली. खोलीतले सगळे हसले. चौगुलेंनी कपाळाला हात लावला आणि मावशींनी त्यांच्यापुढे शेंगदाण्याची पुडी सरकवली.

ऋता हसली नाही. ती बघत होती. रुग्णाला बघायचं तिचं कसब तेवढं अजून शाबूत होतं. तिला काहीतरी टोचलं. मावशी ‘नि’वर थांबल्या, तेव्हा चौगुलेंनी ‘नि काय’ बरोबर तिथंच विचारलं, आणि त्या बरोबर तिथंच परत आल्या. विनोद म्हणजे नुसतं थांबणं आणि सुरू होणं. ज्या दोघांचा अंदाज इतका ढासळलाय, त्यांना असा विनोद जमेलच कसा?

ती तौफिकच्या खोलीत गेली. “त्या दोघांच्या गळ्यात मणी आहेत ना? त्यांच्यामधली रेषा दाखव.”

“तशी रेषा मी काढतच नाही, मॅडम. दोन्ही टोकं कच्ची. दोन आजारी माणसांच्या गप्पांवरून काय...”

“टिपलं तर जातंय ना? मग काढ.”

तौफिकनं काढली. पडद्यावर प्रमिला हेरवाडे आणि शिवलिंग चौगुले यांच्यामधली रेषा उमटली. सरळ, शांत, आखल्यासारखी. मग त्यानं मावशी आणि शेजारीण, चौगुले आणि त्यांचा मुलगा, उरलेले पाच जण आणि त्यांची घरची माणसं, अशा सगळ्या काढल्या. एकही उतरलेली नव्हती. या सातही जणांची रेषा फक्त एकाच माणसाशी बोलताना खाली जात होती.

“म्हणजे मणी बिघडलेले नाहीत, तेही बिघडलेले नाहीत, मग हिशोबात चूक आहे, तू पक्क्या टोकाचं गणित...”

“मॅडम...”

“...पुन्हा तपास, कदाचित माझ्या आवाजाची नोंद जुनी असेल, बाळंतपणात आवाज बदलतो, किंवा...”

 तौफिकनं खणातून एक मणी काढून दोघांच्या मधे टेबलावर ठेवला आणि पडद्यावर नवी रेषा सुरू केली. “ही आत्ताची आहे,” तो म्हणाला. “तुमची नि माझी.”

ऋता बोलत होती, तशी ती रेषा उतरत होती.

“तुझंही बिघडलं असेल.”

“मलाही तीच शंका आली. काल घरी बायकोशी बोलताना लावून बघितला. रेषा सरळ आली.” तो ओशाळून हसला. “बायको म्हणाली, आता भांडायला पुरावा झाला.” मग हळू आवाजात म्हणाला, “बरेच दिवस वाटतंय मला. माझं कुठलंच वाक्य तुमच्यापुढं पूर्ण होत नाही. पण तुम्ही डॉक्टर. तुम्हाला कसं सांगायचं?”

ऋतानं पडद्याकडे बघितलं. खांब. खांबच खचला तर? नदी तिथंच वाहत असते, पुलावरून बघणाऱ्याला मात्र पाणी चढलेलं दिसतं. ती स्वतः वेगानं धावत होती, म्हणून सातही जण तिला मागे पडल्यासारखे दिसले. ते मागे पडले म्हणून नियमाप्रमाणे ती त्यांच्याकडे अधिक गेली. अधिक गेली म्हणून झोप आणखी घटली. झोप घटली म्हणून वेग आणखी वाढला. नियमात वाईट काहीच नव्हतं. तो फक्त खांबाला अढळ समजत होता.

तिनं मुद्दाम थांबून बघितलं. जमेना. एका विचाराच्या पाठीवर दुसरा चढत होता. मग तिनं एक केलं. समोरच्या खुर्चीत कुणी अनोळखी बाई बसलीय असं धरलं. बाळंत होऊन आठ महिने. झोप जवळजवळ नाही, पण थकवा नाही. नव्या नव्या योजना. आईचं बोलणं लांबलचक वाटतं. भीती एकाएकी नाहीशी झालेली. या बाईला तिनं काय सांगितलं असतं?

“तौफिक,” ती म्हणाली, “देशिंगकर मॅडमना फोन लाव. मी लावला तर मी त्यांना बोलू देणार नाही.”

मॅडम आल्या. त्यांनी फारसं काही विचारलं नाही, फक्त ऋताला अर्धवट वाक्यांवर थांबू दिलं. हे उन्मादाचं पहिलं पाऊल आहे, म्हणाल्या, बाळंतपणानंतर येऊ शकतं, वेळेत कळलंय. औषध, झोप, रजा. ईराला बाटलीनं दूध, रात्री ती आजीपाशी. ऋतानं ऐकून घेतलं. घरी आईला सांगितलं, तेव्हा आई पाळण्याची दोरी ओढत राहिली. शेवटी म्हणाली, “मला दिसत होतं गं. मला वाटलं, डॉक्टरला काय सांगायचं.”

शुक्रवारी टेंपो आला नाही. मावशींची किल्ली कडीलाच राहिली. भरतना मॅडमनी स्वतः समजावलं. ते पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, “म्हणजे ती बरोबर होती?” वाढवलेल्या गोळ्या पूर्ववत करायला मॅडम चौगुलेंकडेही गेल्या आणि झालेलं सगळं त्यांना सरळ सांगितलं. चौगुले सुपारी कातरत ऐकत होते.

“म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या वाटणीच्या गोळ्या मी गिळल्या म्हणा की,” ते म्हणाले. “तरीच आठवडाभर झोप मस्त लागली.”

महिनाभरानं ऋता सावरली. वेग उतरला, आणि उतरताना जुनी भीतीही परत घेऊन आला. ती पुन्हा ईराच्या नाकाखाली बोट धरू लागली. या खेपेला मात्र तिला त्याचं बरं वाटलं.

तौफिकनं दरम्यान सगळं गणित उलटं मांडलं होतं. सात जणांच्या रेषा एकत्र केल्या तर त्यांतून ऋताची एकच रेषा निघत होती. कुणी न काढलेली, पण सुरुवातीपासून तिथंच असलेली. आईनं पहिल्यांदा ‘झोपतेस कधी’ विचारलं, त्याच सुमाराला ती उतरायला लागली होती.

“तू कामावर ये,” देशिंगकर मॅडम म्हणाल्या, “पण हा आजार पुन्हा डोकावू शकतो. तुझ्यावर नजर हवी.”

“तुमच्याशी रोज बोलेन.”

“माझं टोक पक्कं आहे हे कुणी सांगितलं? आता आम्ही ते नुसतं धरून चालत नाही, मोजतो. केंद्रातल्या सगळ्यांच्या आपसातल्या रेषा तपासल्या, आम्हा डॉक्टरांच्या धरून. वर्षभरात कुणाची लय सगळ्यांत कमी हलली, ते काढलं.” मॅडमनी तौफिककडे बघितलं.

“पहिला नंबर हेरवाडे मावशींचा,” तौफिक म्हणाला. “दुसरीकडं कुठंच एवढं पक्कं टोक नाही.”

“मावशींचा?” ऋतानं विचारलं.  

“तेव्हा आठवड्यातून एकदा गावभागात जायचं,” मॅडम म्हणाल्या. “डॉक्टर म्हणून नाही. मणी तू घालायचास.”

ती गेली. कडेवर ईरा, गळ्यात काळा मणी. मावशींनी दार अर्धंच उघडलं आणि कडीला हात ठेवून उभ्या राहिल्या.

“कोण गं?”

“ऋता.”

“बघू.”

दार उघडलं. मावशींनी चहा ठेवला, आलं ठेचलं, कपबशा मांडल्या. ईरानं बशी ओढली, ती त्यांनी हलकेच काढून घेतली. मग समोर बसून हळूहळू सांगू लागल्या. चौगुल्याला परवा पुन्हा हरवलं, भरत येऊन गेला, जाताना करंज्यांचा डबा घेऊन गेला, आणि मी त्याला म्हटलं...

मावशी थांबल्या. दाराबाहेरून एक रिक्षा गेली. ऋता थांबली. ईरानं तिचा मणी मुठीत धरला. ऋता थांबलीच.

“...डबा परत आण म्हटलं,” मावशींनी वाक्य पूर्ण केलं, आणि चहाचा कप बशीसकट तिच्यापुढे सरकवला.

गोष्ट संपली. आता जरा तुमच्याकडे. तुमच्या ओळखीत असं कुणीतरी असेलच, जे सगळ्यांना विचारतं, जेवलात का, औषध घेतलंत का, पोचलात का. त्यांना मात्र कुणी विचारत नाही, कारण ते बरे आहेत असं आपण धरून चाललेलो असतो. आज त्यांच्याकडे जाऊन या. ‘मी बरी आहे’ असं उत्तर लगेच येईल. ते आल्यावर उठू नका. थोडं थांबा, आणि पुढे काय येतंय ते ऐका.